प्रॉक्समॉक्स क्लस्टरवर आपल्या सीएचं सर्टिफिकेट बसवायचंय – नेमक्या कोणत्या फाइली बदलायच्या?

तीननोड (प्रश्न):

प्रॉक्समॉक्स व्हीई ८ (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली), तीन नोडांचा (सर्व्हरांचा) क्लस्टर. वेब इंटरफेस अजून इन्स्टॉलच्या वेळी आपोआप बनलेल्या सर्टिफिकेटवरच चालतोय, म्हणजे दर वेळी ब्राउझरचा इशारा आणि ‘तरीही पुढे जा’. आता अंतर्गत सीएकडून (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या आमच्याच यंत्रणेकडून) सर्टिफिकेट आलंय. तिन्ही नोडांची नावं असलेलं एकच, पासवर्ड लावलेल्या .पीएफएक्स फाइलमध्ये (सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त की एकत्र).

एका जुन्या लेखात पीव्हीई-एसएसएल.पेम आणि पीव्हीई-एसएसएल.की या फाइलींवरच नवीन मजकूर लिहा असं दिलंय. दुसरीकडे पीव्हीईप्रॉक्सी-एसएसएल असं नाव दिसतं. बरोबर कोणतं? व्हीएम बंद ठेवावे लागतात का? आणि काही बिघडून वेब इंटरफेस उघडलाच नाही तर मागे कसं यायचं? क्लस्टर वापरात आहे, म्हणून आधी विचारतोय.

क्वोरमवाला:

पीव्हीई-एसएसएलच्या जोडीला हात लावू नका. तो जुना लेख बाजूला ठेवा.

प्रॉक्समॉक्स क्लस्टर बनवताना स्वतःचा एक छोटा सीए तयार करतो. त्याचं रूट सर्टिफिकेट /ईटीसी/पीव्हीई/पीव्हीई-रूट-सीए.पेम इथे असतं आणि त्याची की त्याच झाडातल्या ‘प्रिव्ह’ फोल्डरमध्ये. प्रत्येक नोडचं पीव्हीई-एसएसएल.पेम या सीएने सही केलेलं असतं. नोड एकमेकांशी बोलतात आणि स्पाइस कन्सोल (व्हीएमचा पडदा दुरून दाखवणारा) उघडतो तो याच जोडीच्या भरवशावर. तिथे दुसऱ्या सीएचं सर्टिफिकेट घातलं की वेब पान कदाचित झकास उघडेल, पण स्पाइस मोडेल, आणि पुढे केव्हातरी सर्टिफिकेटं नव्याने बनली की तुमची फाइल पुसली जाईल.

वेब इंटरफेस आणि एपीआय (स्क्रिप्टांनी वापरायचा मार्ग) चालवणारी सर्व्हिस म्हणजे पीव्हीईप्रॉक्सी. ती सुरू होताना आधी /ईटीसी/पीव्हीई/लोकल/ मध्ये पीव्हीईप्रॉक्सी-एसएसएल.पेम आणि पीव्हीईप्रॉक्सी-एसएसएल.की शोधते. सापडली तर ती वापरते, नाहीतर पीव्हीई-एसएसएलवर येते. तुमची जोडी या दुसऱ्या नावाने जायची. मागे यायचा रस्ताही यातच आहे: ही जोडी काढून टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा, आधीची स्थिती परत.

व्हीएम बंद करायची काही गरज नाही, त्यांचा पीव्हीईप्रॉक्सीशी संबंध नाही. ब्राउझरमधून उघडलेले कन्सोल मात्र याच सर्व्हिसमधून जातात, ते तुटू शकतात. कोणी कन्सोलमधून ओएस इन्स्टॉल करत बसलं असेल तर त्याला आधी सांगा.

आता काम. प्रत्येक नोडवर एसएसएचने (दुरून कमांड लाइन देणाऱ्या सोयीने) रूट युजर म्हणून एक सेशन उघडून ठेवा आणि सगळं संपेपर्यंत बंद करू नका. वेब इंटरफेस गेला तरी एसएसएच जात नाही. पीएफएक्स फाइल रूट युजरच्या होम फोल्डरमध्ये न्या. टेम्प फोल्डर नको, आणि /ईटीसी/पीव्हीईच्या आत तर नकोच. उमास्क ०७७ करा, म्हणजे पुढे बनणाऱ्या फाइली फक्त रूटला वाचता येतील.

पीएफएक्समधून तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या. ओपनएसएसएलच्या पीकेसीएस१२ आज्ञेला ‘नोसर्ट्‌स’ आणि ‘नोएंक’ दिले की पासवर्ड नसलेली की मिळते. ‘सीएलसर्ट्‌स’ आणि ‘नोकीज’ दिले की नोडचं सर्टिफिकेट. ‘सीएसर्ट्‌स’ आणि ‘नोकीज’ दिले की इंटरमीडिएट, म्हणजे रूट आणि नोड यांच्या मधल्या पायरीचं सीएचं सर्टिफिकेट. की पासवर्डविनाच हवी, कारण सर्व्हिस सुरू होताना पासवर्ड टाइप करायला तिथे कोणी बसलेलं नसतं. पासवर्ड बरोबर असूनही ‘अनसपोर्टेड’ आणि आरसी२-४० असं काही दिसलं तर घाबरू नका. पीएफएक्स जुन्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली आहे आणि ओपनएसएसएल ३ ती पद्धत आपणहून उघडत नाही. त्याच आज्ञेत ‘लेगसी’ हा पर्याय जोडा.

पीकेसीएस१२ मधून आलेल्या फाइलींच्या वर ‘बॅग अॅट्रिब्यूट्स’ वगैरे ओळी असतात. ओपनएसएसएल त्या सोडून देतं, पण मी त्या काढूनच टाकतो. फाइल ‘बिगिन’च्या ओळीने सुरू व्हावी आणि ‘एंड’च्या ओळीने संपावी, म्हणजे नंतर डोळ्यांनी तपासता येते.

मग एकत्र फाइल. क्रम असा: आधी नोडचं सर्टिफिकेट, त्याखाली त्यावर सही करणारं इंटरमीडिएट, त्याच्यावर आणखी एक असेल तर ते. रूट सर्टिफिकेट घालायची गरज नाही. ते बघणाऱ्याच्या मशीनवर आधीपासून हवं, तुम्ही पाठवल्याने कोणी त्यावर विश्वास ठेवणार नाही. इथली नेहमीची चूक म्हणजे पहिल्या फाइलच्या शेवटी नवी ओळ नसते, आणि जोडल्यावर ‘एंड सर्टिफिकेट’ व ‘बिगिन सर्टिफिकेट’ एकाच ओळीत चिकटतात. विंडोजवर फाइल उघडून सेव्ह केली असेल तर ओळींच्या शेवटी जादा अक्षरं किंवा फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी बीओएम नावाची खूणही येते.

बसवण्याआधी तीन तपासण्या करा. पहिली: की आणि सर्टिफिकेट एकमेकांचेच आहेत का. ‘एक्स५०९’ला ‘पबकी’ देऊन सर्टिफिकेटमधली पब्लिक की काढा, ‘पीकी’ला ‘पबआउट’ देऊन प्रायव्हेट कीमधून पब्लिक की काढा, दोन्हींचा एसएचए-२५६ काढून तुलना करा. मॉड्युलस जुळवायची जुनी युक्ती फक्त आरएसएला चालते, ईसी कीला मॉड्युलस नसतोच. दुसरी: ‘व्हेरिफाय’ला ‘सीएफाइल’ म्हणून रूट आणि ‘अनट्रस्टेड’ म्हणून इंटरमीडिएट देऊन साखळी पूर्ण होते का ते बघा. तिसरी: सर्टिफिकेटमधला सब्जेक्ट ऑल्टर्नेटिव्ह नेम, म्हणजे सॅन (स्टोरेजचा सॅन नव्हे), उघडून वाचा. तुम्ही ब्राउझरमध्ये जे नाव टाइप करता ते तिथे अक्षरशः असलं पाहिजे. कॉमन नेममध्ये असून भागत नाही, क्रोमने ५८ व्या आवृत्तीपासून तिकडे बघणंच सोडलंय. आयपी पत्त्याने उघडत असाल तर तो आयपी ‘आयपी’ प्रकारची नोंद म्हणून हवा, ‘डीएनएस’ प्रकारात लिहिलेला आयपी चालत नाही.

हे सगळं जमलं की बसवणं एका ओळीचं: पीव्हीईनोड सर्ट सेट, पुढे एकत्र फाइल, पुढे की, शेवटी --रीस्टार्ट. आधीचं कस्टम सर्टिफिकेट असेल तर --फोर्स पण. वेबवरून करायचं तर नोड, सिस्टिम, सर्टिफिकेट्स इथे अपलोडचं बटण आहे. मला आज्ञा बरी वाटते, कारण की ब्राउझर आणि क्लिपबोर्डमधून फिरत नाही. काम झाल्यावर होम फोल्डरमधली पीएफएक्स आणि सुटी की काढून टाका.

एकाच नोडवर करा. पूर्ण तपासा. मग दुसरा नोड.

पेमपंडित:

वरचं सगळं बरोबर. फक्त /ईटीसी/पीव्हीई हे साधं फोल्डर नाही, हे डोक्यात ठेवा, नाहीतर निम्मा वेळ परवानग्यांशी भांडण्यात जाईल. ती पीएमएक्ससीएफएस नावाची फ्यूज (एका प्रोग्रॅमने चालवलेली) फाइलसिस्टिम आहे. मागे एक डेटाबेस आणि नोडांना जोडून ठेवणारा कोरोसिंक. तिथे लिहिलेली प्रत्येक फाइल सगळ्या नोडांवर पोचते.

तीन परिणाम होतात. क्वोरम (निम्म्याहून जास्त नोड एकमेकांशी जोडलेले) नसेल तर ते झाड फक्त वाचण्यापुरतं उघडं राहतं, तेव्हा कामाआधी ‘पीव्हीसीएम स्टेटस’ बघा. परवानग्या आणि मालक बदलणाऱ्या सीएचमॉड आणि सीएचओन या आज्ञा तिथे चालत नाहीत, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. त्यात बिघाड काही नाही, मालक रूट, ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि परवानगी ०६४० हे फाइलसिस्टिमच ठरवते, आणि पीव्हीईप्रॉक्सी त्याच ग्रुपच्या युजरने चालते म्हणून तिला की वाचता येते. आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) बनवता येत नाही. कोणी सर्टबॉट या सर्टिफिकेट आणणाऱ्या साधनाच्या ‘लाइव्ह’ फोल्डरकडे लिंक करायला जातं आणि अडकतं. फाइलची प्रतच न्यावी लागते, म्हणजे नूतनीकरणानंतर दर वेळी परत न्यावी लागते.

आता तुमच्या ‘तिघांना एकच’ सर्टिफिकेटबद्दल. चालतं, पण मी घेतलं नसतं. एक नोड हातचा गेला की तिघांची की गेली. ‘नाहीतरी ते झाड सगळ्या नोडांवर जातंच’ असा प्रतिवाद होतो आणि तो खराही आहे: प्रत्येक नोडची पीव्हीईप्रॉक्सी-एसएसएल.की बाकीच्या नोडांवरही असते. तो मुद्दा महत्त्वाचा वाटत असेल तर /ईटीसी/डिफॉल्ट/पीव्हीईप्रॉक्सी या फाइलमध्ये टीएलएस_की_फाइल ही ओळ घालून की त्या नोडच्या स्थानिक डिस्कवर ठेवता येते. सर्टिफिकेट नेहमीच्या जागीच, फक्त की बाहेर. तिथे परवानग्या तुम्हाला स्वतः लावाव्या लागतात, रूट आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, ०६४०. पण प्रॉक्समॉक्सची अंगभूत एसीएमई (सीएकडून सर्टिफिकेट आपोआप घेण्याची) सोय ही ओळ मानत नाही. आपोआप नूतनीकरण हवं असेल तर दोन्ही एकत्र जमणार नाही.

संपूर्ण डोमेनचं वाइल्डकार्ड (सगळ्या उपडोमेनांना चालणारं सर्टिफिकेट) तर हायपरव्हायझरवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवर, अजिबात नको. ज्या कीने तुमची सगळी संकेतस्थळं चालतात तिच्या आणखी प्रती कशाला?

पुढच्या वेळी पीएफएक्स मागूच नका. की नोडवरच बनवा आणि सीएकडे फक्त सीएसआर (सही मागणारा अर्ज) पाठवा. ‘रेक’ आज्ञेत ‘अॅडएक्स्ट’ने सॅन घालता येतो. सीए चालवणाऱ्याने ओपनएसएसएलने हाती सही केली तर एक खड्डा आहे: ‘एक्स५०९ रेक’ सीएसआरमधला सॅन गुपचूप गाळतं. ओपनएसएसएल ३ मध्ये ‘कॉपी_एक्स्टेन्शन्स’ला ‘कॉपी’ द्यावं लागतं, आधीच्या आवृत्त्यांत ‘एक्स्टफाइल’. ‘सीएसआरमध्ये तर नाव होतं’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच निघतं.

तीननोड:

पहिल्या नोडवर केलं. त्या नोडच्या नावाने उघडल्यावर ब्राउझर शांत, कुलूप दिसतंय. पण दोन प्रश्न आले. दुसऱ्या नोडवर लॉगइन करून डावीकडच्या यादीत पहिला नोड निवडला की ५९६ क्रमांकाची चूक येते, ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’. आणि आमची एक पायथन स्क्रिप्ट एपीआय वापरते, तिला हेच सर्टिफिकेट मान्य नाही. मशीनवर रूट बसवलेलं आहे, ब्राउझरला चालतं, मग स्क्रिप्टला का नाही?

क्वोरमवाला:

५९६ आधी. दुसऱ्या नोडवरून पहिला नोड बघता तेव्हा ब्राउझर थेट पहिल्याकडे जात नाही. दुसऱ्याची पीव्हीईप्रॉक्सी पहिल्याच्या ८००६ या पोर्टशी जोडते आणि समोरून आलेल्या सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट (ओळख पटवणारा छोटा आकडा) क्लस्टरच्या झाडातल्या त्या नोडच्या फाइलशी ताडून बघते. हे दोन प्रकारे फसतं. फाइल बदलली पण पहिल्या नोडवर सर्व्हिस रीस्टार्ट झाली नाही, म्हणजे फाइल नवी आणि समोर येतंय ते जुनं. किंवा दुसऱ्या नोडच्या सर्व्हिसने जुना फिंगरप्रिंट लक्षात ठेवलाय. दोन्ही नोडांवर सिस्टिमसीटीएलने पीव्हीईप्रॉक्सी रीस्टार्ट करा. पहिल्यावर आधी, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावरही.

स्क्रिप्टचं: इंटरमीडिएट एकत्र फाइलमध्ये गेलेलं नसणार. ब्राउझर या बाबतीत जरा जास्तच समजूतदार असतात. क्रोम सर्टिफिकेटमधल्या पत्त्यावरून राहिलेलं इंटरमीडिएट स्वतः आणू शकतो. पायथन, कर्ल वगैरे मंडळी तसलं काही करत नाहीत. म्हणून ब्राउझरमधलं कुलूप ही तपासणी नव्हे. ओपनएसएसएलचा ‘एस_क्लायंट’ नोडच्या ८००६ ला जोडा, ‘सर्व्हरनेम’ द्या, ‘सीएफाइल’ म्हणून फक्त रूट द्या. शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड ० हवा. २१ आला तर सर्व्हर एकच सर्टिफिकेट पाठवतोय, इंटरमीडिएट राहिलंय. ‘शोसर्ट्‌स’ लावला की किती येतायत ते मोजताच येतात.

० आला तरी स्क्रिप्ट अडली तर मग दुसरं कारण. पायथनची रिक्वेस्ट्‌स लायब्ररी सिस्टिमचा विश्वाससाठा न बघता आपल्यासोबतचा सर्टिफाय नावाचा साठा वापरते. तिला रिक्वेस्ट्‌स_सीए_बंडल या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून तुमच्या रूटचा मार्ग सांगा. ‘व्हेरिफाय’ बंद करून मोकळं होऊ नका. मग हा सगळा खटाटोप कशासाठी केला?

रात्रपाळी:

फिंगरप्रिंटचा विषय निघालाच आहे तर: ज्या ज्या गोष्टीने या नोडचा फिंगरप्रिंट लिहून ठेवलाय ती सर्टिफिकेट बदलल्यावर रुसते. मॉनिटरिंग, ऑटोमेशन, दोन क्लस्टरांमधलं रिमोट मायग्रेशन. यादी आधी काढा.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर असेल तर त्याचं सर्टिफिकेट वेगळं, पोर्ट ८००७, फाइली /ईटीसी/प्रॉक्समॉक्स-बॅकअप/ मधल्या प्रॉक्सी.पेम आणि प्रॉक्सी.की. ते फोल्डर साध्या डिस्कवर आहे, म्हणून परवानग्या आपल्या आपण बघायच्या: रूट, ग्रुप बॅकअप, ०६४०. ते सर्टिफिकेट बदललं की व्हर्च्युअलायझेशनच्या बाजूला स्टोरेजच्या नोंदीत जुना फिंगरप्रिंट राहतो आणि रात्रीचे बॅकअप अडतात. दिवसभर कोणाला पत्ता लागत नाही, वेब पान तर छान उघडत असतं. ‘पीव्हीईएसएम सेट’ने स्टोरेजचा नवा फिंगरप्रिंट द्या. नोडांना तुमच्या सीएवर विश्वास असेल तर फिंगरप्रिंटची नोंद काढूनच टाका, पुढच्या बदलाला हा त्रास नको. नोडवर रूट बसवायचं म्हणजे /यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स मध्ये फाइल ठेवून अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवायचं. फाइलचं टोकनाव .सीआरटी हवं. .पेम ठेवलीत तर ती आज्ञा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आणि मागे येण्याबद्दल, कारण ते पहिल्या प्रश्नात होतं. सर्व्हिस उठली पण पान उघडत नाही, आणि जर्नलमध्ये (सिस्टिमच्या नोंदींत) ‘फेल्ड टू लोड लोकल प्रायव्हेट की’ दिसतं: की पासवर्डची आहे, अर्धवट आहे, किंवा या सर्टिफिकेटची नाही. ‘पीव्हीईनोड सर्ट डिलीट’, रीस्टार्ट, आणि मूळ सर्टिफिकेटवर परत. मात्र तुमच्या मुख्य डोमेनवर एचएसटीएस (ब्राउझरने फक्त सुरक्षित जोडणीच वापरावी हा नियम) उपडोमेनांसह चालू असेल तर मूळ सर्टिफिकेटवर आल्यावर ब्राउझर ‘तरीही पुढे जा’ हे बटणच देत नाही. एचएसटीएस पोर्ट बघत नाही, नाव बघतं. अशा वेळी आयपी पत्त्याने उघडा, आयपीला ते लागू होत नाही.

कोणी आधीच पीव्हीई-एसएसएलवर लिहून बसलं असेल तर: त्या नोडच्या पीव्हीई-एसएसएल.पेम आणि .की काढा, ‘पीव्हीसीएम अपडेटसर्ट्‌स --फोर्स’ चालवा, पीव्हीईडेमन आणि पीव्हीईप्रॉक्सी रीस्टार्ट करा. रूट सीएसुद्धा बदलला असेल तर पीव्हीई-रूट-सीए.पेम आणि प्रिव्हमधली त्याची की पण काढावी लागेल आणि हीच आज्ञा प्रत्येक नोडवर द्यावी लागेल. हे क्वोरम असतानाच.

तीननोड:

इंटरमीडिएटच राहिलं होतं. ‘सीएसर्ट्‌स’मधून आलेली फाइल रिकामी होती, पीएफएक्समध्ये ते मुळात घातलंच नव्हतं. सीएकडून वेगळं घेऊन जोडलं, आता कोड ०. पायथनही चालू, ५९६ ही गेला. उरलेले दोन नोड सीएसआर पद्धतीने करतो. नूतनीकरणाचं काय करावं? सर्टिफिकेट एका वर्षाचं आहे.

पेमपंडित:

पहिल्या नोडचंही सीएसआरनेच नव्याने घ्या. आधीची की पीएफएक्समधून ईमेलने किंवा शेअर फोल्डरमधून आली असेल तर ती आणखी कुठे कुठे पडलीय देव जाणे.

नूतनीकरण हाताने करायचं ठरवू नका. सार्वजनिक सीएंची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असं सीए/ब्राउझर फोरमने (सीए आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंडळाने) ठरवलंय. अंतर्गत सीएला हा नियम लागू नाही. पण म्हणून दहा वर्षांचं बनवू नका. अॅपलची उपकरणं १ जुलै २०१९ नंतर दिलेलं सर्टिफिकेट ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं असेल तर नाकारतात, मग सीए तुमचा का असेना. त्यांना एक्सटेंडेड की युसेजमध्ये (सर्टिफिकेट कशासाठी वापरायचं ती नोंद) सर्व्हर ऑथेंटिकेशनही लागतं.

तुमचा सीए एसीएमई बोलत असेल तर प्रॉक्समॉक्सला ते अंगभूत येतं. खातं नोंदवताना लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सार्वजनिक सीएऐवजी तुमच्या सीएचा डिरेक्टरी पत्ता द्या (त्याआधी त्या सीएचं रूट सर्टिफिकेट नोडवर बसवलेलं हवं, नाहीतर पहिल्याच जोडणीला नकार), ‘पीव्हीईनोड कॉन्फिग सेट’ने नोडचं नाव जोडा, ‘पीव्हीईनोड एसीएमई सर्ट ऑर्डर’. नाव तुमचंच आहे हे सिद्ध करायच्या एचटीटीपी-०१ पद्धतीला नोडचं पोर्ट ८० सीएपासून पोचायला हवं, ते उघडायचं नसेल तर डीएनएस-०१ (डीएनएस नोंदीतून सिद्ध करणं) आणि त्याचं प्लगइन. यानंतर पीव्हीई-डेली-अपडेट हे रोजचं काम मुदत संपायला ३० दिवस उरले की स्वतः नवीन आणतं. तुमचा सीए काही दिवसांचीच सर्टिफिकेटं देत असेल तर या रोजच्या कामाच्या टायमरमधला यादृच्छिक उशीर बंद ठेवा, रीबूटनंतर एखादी फेरी चुकायला नको.

एसीएमई नसेल तर निदान एक तपासणी लावा: रोज ८००६ ला जोडून ‘एक्स५०९’चा ‘चेकएंड’ सेकंदांत ३० दिवस, म्हणजे २५९२००० देऊन चालवायचा. ती फाइलवर नको, पोर्टवरच लावा. फाइल नवी आणि सर्व्हिस जुनी, हा प्रकार फाइल बघून कळत नाही.

डेटास्टोअर_दादा:

मध्येच विचारतो, व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर हेच कसं? सुटा होस्ट, व्हीसेंटर (अनेक होस्ट सांभाळणारा सर्व्हर) नाही.

रात्रपाळी:

/ईटीसी/व्हीएमवेअर/एसएसएल मध्ये आरयूआय.सीआरटी आणि आरयूआय.की. आधी दोन्हींची नावं बदलून बाजूला ठेवा, नवीन टाका, होस्टडी ही सर्व्हिस रीस्टार्ट करा. पासवर्ड नसलेली की आणि सर्टिफिकेटांचा क्रम, दोन्ही नियम तेच. फाइली लगेच बूट डिस्कवर लिहिल्या जाव्यात म्हणून ऑटो-बॅकअप.एसएच एकदा चालवा. फसलं तर जनरेट-सर्टिफिकेट्स ही आज्ञा पुन्हा स्वतः सही केलेली जोडी बनवून देते.

व्हीसेंटरखाली होस्ट असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे सर्टिफिकेट व्यवस्थापन व्हीएमसीए (व्हीएमवेअरचा स्वतःचा सीए) मोडवर असताना होस्टचं नूतनीकरण झालं की तुमचं सर्टिफिकेट पुसलं जातं. आधी व्हीपीएक्सडी.सर्टएमजीएमटी.मोड ‘कस्टम’ करावा लागतो आणि होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये न्यावा लागतो. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.